बुशिंग बदललं तरी मानेची पकड का बदलत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही टेक्सासमध्ये राहता. ६.५ क्रीडमूर या काडतुसाची बोल्ट रायफल (दर वेळी हाताने बोल्ट ओढायची) आहे आणि दीड वर्षापासून गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं भरता. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या शंभर, त्यातल्या साठ एका कंपनीच्या आणि चाळीस दुसऱ्या, सगळ्या चार-चार वेळा वापरलेल्या. काही काडतुसांत गोळी अंगठ्याने दाबली तरी आत सरकते, आणि काहींत ती बसवताना प्रेसचं हँडल अडखळतं, कचकन आवाज येतो. पुंगळीच्या मानेची, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाची, पकड वाढावी म्हणून बुशिंग डाय घेतली, म्हणजे मान बाहेरून आवळणारं बदलतं कडं (बुशिंग) बसणारा साचा. आधी ०.२९० इंचाचं बुशिंग लावलं, मग ०.२८९ चं. साठांत काडीचाही फरक नाही, चाळीसांत किंचित आहे. वेगाचा एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे गोळ्यांचे वेग किती विखुरतात त्याचं माप) मात्र ८ वरून १८ वर गेला. तर आता ०.२८७ चं बुशिंग मागवू का, असं विचारताय.

कदाचित शेवटी ते घ्यावं लागेलच, पण तुम्ही समजताय त्या कारणासाठी नाही.

त्याआधी एक काम आजच करा. ज्या काडतुसांत गोळी सरकली ती बाजूला काढा आणि अजिबात उडवू नका. गोळी आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते, आणि तेवढीच पावडर कमी जागेत पेटली की दाब चढतो. किती चढेल ते पावडर, गोळी आणि ती किती आत गेली यावर अवलंबून, म्हणून अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका. हातोडीसारखा बुलेट पुलर असेल तर त्याने गोळ्या बाहेर काढा, पावडर ओळखीची आणि कोरडी असेल तर परत भरा, नाहीतर टाकून द्या. एका काडतुसाची किंमत डॉलर-दीड डॉलर असते. डोळ्यांची तेवढी नाही.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून सांगतो: खाली ‘गोळी’ म्हणजे फक्त पुढचा, नळीतून बाहेर जाणारा भाग. संपूर्ण वस्तू म्हणजे काडतूस. आणि पितळी नळकांडं म्हणजे पुंगळी, आपल्या वर्तमानपत्रांत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं छापून येतं तीच. ‘केस’ हा शब्द मी मुद्दाम टाळतोय, कारण पुढे मला खऱ्या केसाचा दाखला द्यायचा आहे. आणि भारतातून कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ मनाई करतं. घरी रायफलचा परवाना आहे म्हणून काडतुसं भरायची मुभा मिळत नाही.

आता मापं. इंचाच्या हजाराव्या भागाला मी ‘थाऊ’ म्हणतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली तेव्हापासून तोंडात बसलेला शब्द आहे, ओहायोत बावीस वर्षं काढूनही गेला नाही. डोक्यावरचा एक केस साधारण तीन थाऊ जाड असतो. आपण इथे एक-दोन थाऊंबद्दल बोलतोय, म्हणजे केसाच्याही आतल्या गोष्टी. म्हणून मापायचं जे हत्यार हातात आहे ते खरंच इतकं बारीक दाखवतं का, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

तुमच्या साठ पुंगळ्यांना बुशिंग बदलल्याचा पत्ताही का लागला नाही, ते आधी बघू. बुशिंग डाय पेटीतून काढली तेव्हा तिच्या मधल्या दांड्यावर प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढायच्या पिनेच्या वर एक गोल बटण होतं ना? तुम्ही ते तसंच ठेवलंय, हे तुमच्या वर्णनावरून मी पैजेवर सांगतो. पुंगळी वर जाते तेव्हा बुशिंग मान बाहेरून आवळतं. पुंगळी खाली येते तेव्हा तेच बटण आवळलेल्या मानेतून ओढलं जातं आणि मान पुन्हा फाकवतं. तुमच्या कॅलिबरची गोळी ०.२६४, बटण ०.२६२ च्या आसपास. बुशिंगने मानेचं आतलं माप ०.२६२ वर आणलं काय किंवा ०.२६१ वर आणलं काय, बाहेर पडताना बटण ते ०.२६२ लाच नेऊन ठेवणार. शेवटी मानेतून जे हत्यार गेलं त्याचंच माप राहतं. तुम्ही आधीचं हत्यार बदलत होतात.

चाळीसांचं दुखणं याच्या बरोबर उलट आहे. एक काम करा, दोन्ही कंपन्यांची गोळी बसवलेली एकेक काडतुसं घ्या आणि मानेचं बाहेरचं माप मायक्रोमीटरने घ्या. माझा अंदाज, साठांतलं ०.२९२ च्या जवळ येईल आणि चाळीसांतलं ०.२९० च्या. म्हणजे एकाची भिंत १४ थाऊ, दुसऱ्याची १३. फक्त एका थाऊचा फरक, पण मानेला भिंती दोन असतात, म्हणून गणितात तो दोन होऊन बसतो. आता ०.२९० चं बुशिंग या पातळ मानेवर चालवा: बाहेर ०.२९०, दोन्ही भिंती मिळून २६ थाऊ वजा, आत ०.२६४. गोळीही ०.२६४. पकड शून्य! ०.२८९ लावल्यावर कागदावर एक थाऊ पकड आली, पण चारदा वापरलेलं पितळ कडक झालेलं असतं, ते आवळल्यावर थोडं उलटं फाकतं. हातात राहिला अर्धा थाऊ. आणि बटण? ते या रुंद भोकातून कुठेही न लागता सुळकन निघून जातं. त्यामुळे चाळीसांत गोळी सरकते, साठांत अडखळते, आणि तुम्ही एकच बुशिंग फिरवून दोघांनाही बरं करू पाहताय.

दोन कंपन्यांचं पितळ एका खोक्यात ठेवू नका हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण का, ते या एका थाऊत आहे.

आता ‘पकड वाढवायची’ या कल्पनेकडेच जरा येऊ. बहुतेक लोक नेक टेन्शन म्हणजे मानेचं आतलं माप आणि गोळीचं माप यांतली वजाबाकी धरतात. दोन थाऊ फरक म्हणजे दोन थाऊ टेन्शन, चार थाऊ म्हणजे दुप्पट. सोयीचं आहे, म्हणून बोलताना मीही तसंच म्हणतो, पण ते खरं नाही. गोळीला धरून ठेवते ती मानेची कड्यासारखी आवळण्याची ताकद, आणि त्या ताकदीला वरून मर्यादा आहे. पुंगळीचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ते चांगलं कडक असलं तरी लांबीच्या साधारण ०.४ टक्क्यापर्यंतच ताणलं जाऊन परत मूळ जागी येतं. त्यापुढे ताणलं की तिथेच राहतं. ०.२६४ चे ०.४ टक्के काढा: जेमतेम एक थाऊ. म्हणजे मान ०.२६० पर्यंत आवळून ठेवलीत तरी गोळी आत जाताना पहिले तीन थाऊ नुसती भोक मोठं करत जाते. ती स्वतःच फाकवायचं बटण बनते. शेवटी धरून ठेवणारा स्प्रिंग तेवढाच, एका थाऊचा.

पटत नसेल तर करून बघा, मी दर नव्या माणसाला हे करायला लावतो. प्रायमर नाही, पावडर नाही, अशी एक रिकामी पुंगळी घ्या. बटण काढून लहान बुशिंगने मान बऱ्यापैकी आवळा. पिन गेज म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी सळ्या. त्या लावून आतलं माप लिहून ठेवा. आता गोळी बसवा आणि पुलरने काढा. पुन्हा पिन लावा. पहिल्यांदा ०.२६० ची पिन कशीबशी जात होती, आता ०.२६३ च्या जवळची पिन आरामात जाईल, ०.२६४ ची अडेल. काढलेली गोळीही बघा, तिच्या तांब्याच्या आवरणावर उभे ओरखडे दिसतील, कदाचित टोकाजवळ बसवणाऱ्या दांड्याची गोल खूणही. जास्त आवळून तुम्हाला पकड मिळाली नाही, गोळी मात्र खराब झाली. हँडलला जोर लागला, म्हणून मनाला वाटत राहतं की घट्ट बसली.

म्हणून बोल्ट रायफलला दीड-दोन थाऊ पुरेत. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. जे साधायचं ते म्हणजे शंभरच्या शंभर मानांनी सारखं धरणं. आणि त्यासाठी मापाखेरीज दोन गोष्टी सारख्या लागतात: पितळाचा कडकपणा आणि आतला पृष्ठभाग. लोक बुशिंगवर पैसे घालतात, या दोन्ही तशाच राहतात.

कडकपणा समजायला पुण्याच्या तांबट आळीत जायला हवं. लहानपणी आजीबरोबर बंब घ्यायला गेलो होतो तो आवाज अजून कानात आहे. तांबट पत्रा ठोकत जातो आणि ठोक्यागणिक तो कडक होत जातो. एका टप्प्याला तो ऐकेनासा होतो, आणखी ठोकला तर तडकेल. मग तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचा आणि पुढे ठोकायचा. शेवटचं मठारकाम मात्र भांडं तापवून झाल्यावर करतात, त्या ठोक्यांनीच ते कडक होऊन टिकतं. तुमच्या पुंगळीची मान प्रत्येक वेळी उडताना फाकते, डायमध्ये आवळते, बटणाने पुन्हा फाकते. चार फेऱ्या म्हणजे बारा ठोके. कडक झालेली मान आवळल्यावर जास्त उलटी फाकते आणि फाकवल्यावर जास्त उलटी आवळते. म्हणजे त्याच डायमधून पहिल्या फेरीला एक माप मिळतं, पाचव्या फेरीला दुसरं. सेटिंगला हात लावला नाही तरी.

उपाय अॅनीलिंग, म्हणजे मान आणि खांदा (मानेखालचा उतार) तापवून मऊ करणं. इथे मी स्वतः खाल्लेली चपराक सांगतो. सुरुवातीला ड्रिलच्या तोंडात सॉकेट, सॉकेटमध्ये पुंगळी, समोर गॅसची बत्ती, असं सगळे करतात तसं करत होतो. ‘मान लालसर दिसली की काढ’ एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. दुपारची वेळ, गॅरेजचं दार उघडं, भरपूर उजेड. उजेडात लाली उशिरा दिसते हे डोक्यात आलं नाही. पन्नास पुंगळ्या अशा भाजल्या की माना शिशासारख्या झाल्या. त्यात गोळी बसवली की आवाज नाही, जोर नाही, लोण्यात सुरी गेल्यासारखी, आणि मान बोटाने वाकडी करता येत होती. मऊ पितळाला परत यायला जागाच नसते, स्प्रिंग संपलेला असतो. सगळी पितळं भंगारात गेली. तेव्हापासून आधी दोन-तीन टाकाऊ पुंगळ्यांच्या मानेच्या आत ठरावीक तापमानाला वितळणारा रंग लावतो, बहुतेक लोक ७५० अंश फॅरनहाइटचा वापरतात, आणि तो वितळायला लागणारे सेकंद मोजून बाकीच्यांना तेवढेच देतो. खाली अंगावर ४५० अंशांचा रंग लावायचा, तो वितळता कामा नये. पुंगळीचा तळ मऊ झाला तर ती पुढच्या वेळी दाब सहन करणार नाही, आणि तो दाब तुमच्या चेहऱ्याच्या वीतभर पुढे असतो. म्हणून बूड कधीही तापवायचं नाही. इंडक्शनची यंत्रं मिळतात, न्यूझीलंडचं एएमपी त्यात नावाजलेलं आहे. महाग आहे, पण काम एकसारखं करतं. वितळलेल्या मिठात बुडवायची पद्धतही आहे. मी तिच्या वाटेला जात नाही, त्यात ओल्या पुंगळीतला पाण्याचा एक थेंब गेला की तापलेलं मीठ अंगावर उडतं.

तुमच्या शंभर पुंगळ्या चारदा वापरून झाल्यात. आता एकदा माना तापवून घ्या आणि पुढे दर फेरीला किंवा दर दुसऱ्या फेरीला करा, पण सगळ्यांना एकत्र आणि सारखं. अर्ध्या केल्या, अर्ध्या राहिल्या, असं असेल तर न केलेलं परवडलं.

पृष्ठभागाबद्दल एक विचारतो: स्टीलच्या बारीक पिना आणि साबणाचं पाणी घालून धुताना का? तुमच्या फोटोत पुंगळ्या दिवाळीत चिंच लावून घासलेल्या समईसारख्या चमकतायत, म्हणून विचारलं. दिसायला सुंदर, पण मानेच्या आतला काजळीचा पातळ थरही त्यात निघून जातो, आणि तो थर आपला मित्र आहे. नागड्या पितळावर नागडं तांबं घासलं की चिकटतं. तुमचा कचकन आवाज बराचसा तिथलाच. शिवाय अशी काडतुसं वर्षभर पडून राहिली की गोळी आणि मान एकमेकांना धरून बसतात, काढायला गेलं तर टक् असा आवाज करून सुटतात. तशी एखादी गोळी सुटायला बाकीच्यांपेक्षा जास्त जोर लागतो, आणि वेग तिथे हलतो. मी मक्याच्या भुशात कोरडं घासतो, मग नायलॉनचा ब्रश मानेतून दोनदा फिरवतो, आणि गोळी बसवण्याआधी मान ग्रॅफाइटच्या बारीक पुडीत बुडवून झटकतो. बस. ओलंच धुवायचं असेल तर ग्रॅफाइट विसरू नका. तोंडाच्या आतली कडही जरा मोडून घ्या, धारदार राहिली तर ती गोळीचं आवरण किसते.

भांड्यांना लावायचं अमोनियाचं पॉलिश मात्र पुंगळ्यांना लावू नका. यामागे आपल्याकडची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जायची आणि ऋतू सरता सरता पुंगळ्या तडकलेल्या निघायच्या, तेही नेमक्या गोळी आवळून बसवलेल्या मानेपाशी. ऋतूवरून त्या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी सांगितलं: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. आपण ज्याला प्रेमाने नेक टेन्शन म्हणतो तोच हा अडकून राहिलेला ताण. तापवून घेतला की कमी होतो, आणि विनाकारण चार थाऊ आवळून ठेवला की मान पितळाला झेपेल तेवढ्या ताणावर कायमची बसून राहते.

आता तुमच्या बाकावर नेमकं काय बदलायचं ते सांगतो. डायमधलं बटण काढा, फक्त प्रायमर काढायची पीन राहू द्या. तळावरचे शिक्के बघून साठ आणि चाळीस वेगळे करा. साठांना ०.२८९ चं बुशिंग चालेल. चाळीसांना ०.२८७ लागेल, हेच ते तुम्ही मागवणार होतात. दोन्हींत मान हवी त्यापेक्षा मुद्दाम जराशी जास्त आवळली जाते. त्यानंतर वेगळ्या डायमध्ये मँड्रेल (मान आतून ठरावीक मापाला फाकवणारी पोलादी सळई) बसवा आणि मान खालून वर त्याच्यावर ढकला. मँड्रेल साधारण दोन मापांत मिळतात, गोळीपेक्षा एक थाऊ लहान आणि दोन थाऊ लहान. पितळ थोडं उलटं आवळत असल्याने एक थाऊवाला सुमारे दीड-दोन थाऊ पकड देतो आणि दोनवाला अडीचच्या आसपास. तुमच्या बोल्ट रायफलला पहिला घ्या. शेवटचं हत्यार दोन्ही ढिगांना तेच, म्हणून आतलं माप दोघांचं सारखं.

बटण आणि मँड्रेल दोघंही फाकवतातच, मग एवढा खटाटोप का? एक तर बटण मान ओढत बाहेर येतं. सुकी मान असेल तर ती किंचाळते, खांद्याला पुढे ओढते आणि वाकडीही करते. मँड्रेल ढकलत आत जातो, पुंगळीला खालून पूर्ण आधार असतो. दुसरं, बुशिंग बाहेरून दाबतं तेव्हा भिंतीतली जाड-पातळ जागा आतल्या बाजूला उठते, जिथे गोळी बसायची आहे. मँड्रेल ती बाहेर ढकलतो आणि आतलं भोक गोल ठेवतो. बाहेर जराशी ओबडधोबड राहिली तर चेंबरला (रायफलमधली काडतूस बसायची जागा) काही वाटत नाही. आत ग्रॅफाइट लावूनच ढकला.

मापाच्या हत्याराचं: तुमच्या डिजिटल कॅलिपरवर मानेच्या आतलं माप घेऊ नका. त्याच्या आतल्या जबड्यांच्या कडा थोड्या सपाट असतात, लहान गोल भोकात त्या मधोमध टेकत नाहीत, आणि माप खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ज्या एका थाऊसाठी आपण भांडतोय तोच तिथे गायब होतो. ०.२६० ते ०.२६४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या थाऊच्या पिन गेज घ्या, फार महाग नाहीत. बाहेरच्या मापाला मायक्रोमीटर.

पकड वाढवण्याच्या नादात दुसरी बाजू विसरू नका. गोळी सुटायला मानेला चेंबरमध्ये फाकायला जागा लागते. उडालेली, अजून डायमध्ये न घातलेली पुंगळी घ्या आणि तिच्यात नवी गोळी वरून सोडा. आरामात आत पडली पाहिजे. पडत नसेल तर मान चेंबरला फार घट्ट आहे आणि तिथे थांबा. तोंड आत वळलेलं किंवा पितळ जाड, काहीतरी आहे. लांबीही बघा. क्रीडमूरची पुंगळी १.९२० इंचाच्या वर गेली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीवर आवळलं जायची भीती असते, म्हणून १.९१० ला कापून ठेवतात. चार फेऱ्यांत बटणाने ओढून तुमच्या नक्कीच वाढल्या असतील. आणि पकड, पितळ, साफसफाई यांतलं काहीही बदललं की पावडर पूर्वीच्या आकड्यावरून सुरू करू नका. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर खाली या आणि पुन्हा वर चढा.

एसडीबद्दल बोलायचं राहिलं. तुमचा ८ आणि १८, दोन्ही पाच-पाच काडतुसांवरचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. पाचांवर ८ आला तर खरा एसडी ९५ टक्के खात्रीने ५ ते २३ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं. १८ चा पल्ला ११ पासून ५२ पर्यंत. हे दोन पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणजे बुशिंग बदलल्याने एसडी बिघडला हे तुमच्या आकड्यांतून सिद्धच होत नाही, तेव्हाही तो १५ असू शकतो आणि आताही. वीस काडतुसांवर मोजलंत तर पल्ला बराच आवळतो, साधारण पाऊणपट ते दीडपट. क्रोनोग्राफ (वेग मोजायची यंत्रं) आता इतके सोपे झालेत की सरावाचं प्रत्येक काडतूस मोजता येतं. साठांची वीस आणि चाळीसांची वीस वेगळी उडवा, एकत्र करून सरासरी काढू नका. आणि पावडर तोलायचा काटा दोन-तीन दशांश ग्रेनने डुलत असेल तर मानेला दोष देऊ नका, पहिला संशयित तो असतो.

कॅम्प पेरीला (ओहायोतलं नेमबाजी स्पर्धांचं ठिकाण) पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याकडे हाताच्या छोट्या प्रेसवर जोर मोजायचा काटा होता. गोळी बसवताना काटा जिथे जाईल त्यानुसार तो काडतुसं तीन डब्यांत टाकायचा आणि मधला डबा स्पर्धेला, बाकीचे सरावाला. मीही पुढे तसं केलं. माना तापवून, ग्रॅफाइट लावून, मँड्रेल चालवून झाल्यावर बाकीचे दोन डबे जवळजवळ रिकामे राहायला लागले, मग तो काटा मी खणात ठेवून दिला. तुम्ही तूर्त तो घेऊ नका. हँडलवरचा हात पुरेसा हुशार असतो. ज्या काडतुसाला वेगळा जोर लागला त्यावर मार्करने खूण करा आणि ते पुढे कुठे लागतं ते बघा.

मानेची भिंत कापून एकसारखी करणं, खांद्याच्या कोपऱ्यात आत जमणारं जाड कडं, जे मला नेहमी मेदूवड्यासारखं दिसतं, हे सगळं नंतर. एवढंच बघा की गोळीचं बूड त्या कड्याच्या खाली उतरत नाही. आणि पुढेमागे अर्ध-स्वयंचलित रायफल घेतलीत तर तिला अडीच-तीन थाऊ द्या, कारण बोल्ट पुढे आपटतो तेव्हा गोळी जागची हलते. एकदा चेंबरमध्ये घालून, न उडवता बाहेर काढून लांबी मोजा. आधीच्या आणि नंतरच्या लांबीत फरक आला तर पकड अपुरी आहे. वरून क्रिंप मारून, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर दाबून, अपुरी पकड झाकायला जाऊ नका.

चाळीस पुंगळ्या ठेवायच्या की नाहीत हे मी आत्ता सांगत नाही. त्यांतल्या दहांच्या मानेची जाडी चार बाजूंनी मोजा. एकाच मानेत एक थाऊच्या आत फरक असेल तर ०.२८७ च्या बुशिंगचे पैसे वसूल होतील. दीड-दोन थाऊ निघाला तर त्या सरावाच्या डब्यात टाका, आणि बुशिंगच्या पैशात साठांच्याच कंपनीचा आणखी एक खोका घ्यायला सुरुवात करा. आकडे आले की कळवा.